फंडवाली रोंडा

घरं विकून देणाऱ्या माणसाला पगार नसतो, ही साधी गोष्ट लोकांच्या ध्यानातच येत नाही. लोकांना दिसते ती धुतलेली गाडी, इस्त्रीचा कोट आणि रस्त्याकडेच्या पाटीवरचा दात दाखवणारा फोटो. घर विकलं तर दलाली मिळायची, नाही विकलं तर पेट्रोलसुद्धा पदरचं. रजा नाही, पेन्शन नाही. आठवडाभर तापानं पडलात तर तुमचं गिऱ्हाईक शेजारच्या टेबलावर जाऊन बसतं, आणि त्या टेबलावरची बाई तुमच्या मुलीच्या लग्नात नाचलेली असली तरी ते परत देत नाही. आमच्या बेल्डन क्रीकमध्ये असे पन्नासएक एजंट आहेत, आणि गाव तरी केवढं! टायरचा कारखाना बंद पडल्यापासून इथं विकायला घरं पुष्कळ आहेत, घेणारा मात्र सापडत नाही.

रोंडा ओस्टरमन ह्यांतलीच एक. नवरा दुसरीच्या मागे फ्लोरिडाला निघून गेला तेव्हा ती चाळिशीला आली होती आणि हातात म्हणाल तर काही नव्हतं. संध्याकाळचे वर्ग करून तिनं परवाना काढला. पहिली दोन वर्षं कशी काढली ते तिचं तिला माहीत. रविवारी कुणाचं तरी रिकामं घर बघायला उघडं ठेवायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला वास चांगला यावा म्हणून त्यांच्याच ओव्हनमध्ये बिस्किटं भाजायची, आणि कुणी आलं नाही की संध्याकाळी ती बिस्किटं स्वतःच खाऊन घरी जायचं. त्या दिवसांत तिचं वजन वाढलं ते भुकेपोटीच, असं ती हसून सांगायची.

मग एका वर्षी सरकारच्या डोक्यात आलं की एजंटाच्या दलालीवरही कर लावावा. आधीच मरणाची मंदी, त्यात हे! अख्ख्या ओहायोतल्या एजंटांची पाचावर धारण बसली. संघटनेनं बसगाड्या केल्या, सगळ्यांना राजधानीत नेलं, आमदारांच्या दारादारांत उभं केलं, आणि खरोखरच तो कर बारगळला. परत येताना बसमध्ये जे झालं ते रोंडा शेवटपर्यंत विसरली नाही. एकमेकींची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या बाया एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होत्या, कुणी गाणी म्हणत होतं, कुणी आपलं सँडविच अर्धं तोडून तिला दिलं. नवरा गेल्यापासून तिला कुणी अर्धं काही दिलं नव्हतं. ह्या माणसांत आपण बसतो असं तिला त्या दिवशी वाटलं.

कर बारगळला तो नुसत्या दारात उभं राहून नव्हे, हेही तिला तिथंच कळलं. संघटनेचा एक राजकीय फंड असतो. वर्षाची वर्गणी भरताना प्रत्येकानं त्यात आपखुशीनं काही घालायचं, आणि ते पैसे निवडणुकीत आपलं ऐकून घेणाऱ्या उमेदवारांना जायचे. बेल्डन क्रीकमध्ये हे आपखुशीनं द्यायचं काम रोंडा समोर येऊन उभी राहीपर्यंत चालायचं. तिनं एकदा मनावर घेतलं की कुणाची सुटका नव्हती. 'घर विकायला तुम्ही एकटे जाता, राजधानीत तरी एकटे जाऊ नका,' हे तिचं ठरलेलं वाक्य. शरद ऋतूत फंडासाठी लिलाव व्हायचा. त्यात एकच अक्रोडाचा केक पुन्हापुन्हा विकत. ज्यानं घेतला त्यानं तो परत टेबलावर ठेवायचा, की पुन्हा बोली सुरू. गावाबाहेरच्यांना हा खुळेपणा वाटेल, पण त्या केकच्या पायी दरवर्षी भलीमोठी रक्कम जमा व्हायची. आमदार कॉलियर स्वतः यायचा, शेवटी त्या केकचा एक तुकडा खायचा आणि रोंडाला नावानं हाक मारायचा. गावात तिला सगळे फंडवाली रोंडाच म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

तिला रक्ताचं म्हणून एकच माणूस होतं, थोरला भाऊ लोवेल. लोवेल रिडनर. बाप कारखान्यात काम करताना वारला तेव्हा रोंडा पहिलीत होती. आई इस्पितळाच्या धोबीखान्यात राबायची, त्यामुळे सकाळी हिच्या वेण्या घालायचं काम लोवेलकडे. वाकड्यातिकड्या वेण्या घालून तिला शाळेत सोडायचा आणि मग स्वतःच्या शाळेत उशिरा पोचल्याबद्दल बोलणी खायचा. पुढे शाळा सोडून तोही त्याच कारखान्यात चिकटला. कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं आणि त्याची बायको नोला हिनं राहतं घर विकून देणी फेडली आणि नदीकाठच्या हॅस्केलच्या पार्कात, म्हणजे पत्र्याच्या गाडीघरांच्या वसाहतीत, एक जुना ट्रेलर घेतला.

ट्रेलर म्हटलं तरी त्याला चाकं असतील असं समजू नका. चाकं कधीच काढून टाकलेली, खाली सिमेंटचे ठोकळे. उचलायला गेलं तर मधोमध मोडेल अशी त्याची अवस्था. पण लोवेलनं त्याचं घर केलं होतं. पुढं लाकडी ओसरी बांधली, वर खरं छप्पर घातलं, मागं टोमॅटो लावले. नोलानं दारात फुलझाडं लावली आणि चार वर्षांपूर्वी ती त्याच घराच्या मागच्या खोलीत वारली, इस्पितळात जायला नको म्हणाली. घर लोवेलचं होतं, एक छदाम देणं नव्हतं. जमीन मात्र हॅस्केलची, तिचं भाडं महिन्याच्या महिन्याला. पार्कातल्या सगळ्यांचं असंच होतं. दर रविवारी रोंडा तिथं जेवायला जायची. लोवेल चिकनच्या रश्श्यातल्या नूडल्स कुस्करलेल्या बटाट्यांवर घालून वाढायचा, आईच्या हातच्यासारख्या अगदी, आणि हिच्या उंच टाचांची, पाटीवरच्या फोटोची टिंगल करायचा. 'त्या फोटोतली बाई कोण गं, तिला कधी जेवायला आण की,' म्हणायचा.

आता इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या धंद्यात ट्रेलरला घर म्हणत नाहीत. त्याचा मालकीचा कागद मोटारीसारखा, गाड्यांच्या कचेरीतून मिळतो. त्याच्या विक्रीत एजंटाला सुटत काहीच नाही. कुणाचा फोन आला की घर विकायचंय, तर एजंट पहिला प्रश्न विचारतो, जमीन तुमची आहे का? नसली तर गोड बोलून फोन खाली. रोंडानं वीस वर्षं हा प्रश्न विचारला होता. कुणी कुणाला असं शिकवत नाही, पण रोज तेच विचारून विचारून माणसाच्या डोक्यात घरवाले एका बाजूला पडतात आणि उरलेले दुसऱ्या बाजूला.

त्या वसंतात एका मंगळवारी सकाळी ऑफिसची बैठक चालू असताना सगळ्यांचे फोन एकदम वाजले. राजधानीतून संघटनेचा निरोप होता. असे निरोप यायचेच. मालकाच्या विक्रीच्या हक्कावर घाला येतोय, घरमालकांच्या बाजूनं उभे राहा, आत्ताच खालच्या बटणावर बोट दाबा, एवढंच त्यात ठळक लिहिलेलं. बोट दाबलं की तयार पत्र तुमच्या नावानं तुमच्या आमदाराकडे जायचं. त्या पत्रात काय लिहिलंय ते वाचायची पद्धत नव्हती. संघटना आपल्या भल्याचंच लिहिणार, कर नव्हता का तिनं घालवला? रोंडानं स्वतः बोट दाबलं आणि डोनटचा खोका उचलून टेबलाटेबलावरून फिरली. आधी बोट, मग डोनट. एकजण म्हणाला, नंतर दाबतो, तर तिनं त्याच्या तोंडासमोरून खोका काढून घेतला. हसत हसत सगळ्यांनी बोटं दाबली. दुपारपर्यंत तिनं गावातल्या आणि आसपासच्या बाकीच्या ऑफिसांतही फोन फिरवले. आमच्या काउंटीतला एकूण एक एजंट त्या पत्रात आला, राज्यात असं दुसरीकडे कुठंच झालं नाही. संघटनेनं तिचं नाव घेऊन कौतुक केलं आणि ती आठवडाभर हवेत होती.

उन्हाळ्यात म्हातारा हॅस्केल गेला. त्याच्या मुलांना पार्कात रस नव्हता. बाहेरच्या राज्यातल्या कुठल्याशा कंपनीनं भाव लावला, आणि अशा कंपन्या पार्क घेतल्यावर काय करतात ते शेजारच्या काउंटीतल्यांनी पाहिलं होतं. आधी जागाभाडं दुप्पट, मग नियम, मग एकेकाला बाहेर. माणूस निघून गेला तरी त्याचा ट्रेलर कुठं जाणार? तो तिथंच मोडायचा.

ऑगस्टातल्या एका रविवारी लोवेल ताटं मांडताना म्हणाला की आशा आहे. चर्चच्या पाद्र्यानं माहिती काढली होती. राजधानीत एक विधेयक समितीपुढं अडकलंय. पार्क विकायचं झालं तर मालकानं आधी तिथं राहणाऱ्यांना सांगायचं, आणि दुसरा देईल तेवढाच भाव त्यांनी दिला तर त्यांनाच द्यायचं. पार्कातल्या सगळ्यांनी मिळून एक पतपेढीही गाठली होती, ती कर्ज द्यायला तयार होती. विधेयक वर्ष संपायच्या आत पास झालं की झालं. समितीपुढं बोलायला पार्कानं माणूस निवडला होता, आणि तो लोवेल. सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

"तू शंभर माणसांपुढं बोलतेस रॉनी," तो म्हणाला. लहानपणापासून तो तिला रॉनीच म्हणायचा. "मला चार वाक्यं शिकव."

 रोंडानं विधेयकाचं नाव विचारलं, त्यानं सांगितलं, तेच नाव वसंतातल्या निरोपाखाली बारीक अक्षरांत होतं, आणि तिला डोनटचा खोका आठवला. मालकाचा विक्रीचा हक्क म्हणजे हॅस्केलच्या पोरांचा हक्क. त्या क्षणी बोलली असती तर काय झालं असतं कोण जाणे. लोवेल रागावला असता, दोन दिवस बोलला नसता, मग हसून म्हणाला असता, चल आता निस्तरू. पण ती बोलली नाही. तिनं ताट पुढं केलं आणि बटाटे मागितले. मनात तिनं असा हिशेब केला की ह्याला कळायच्या आत आपण हे मिटवून टाकू. फंडवाली रोंडा आपण, आपलं कोण ऐकणार नाही!

सोमवारी तिनं राजधानीत टिब्सला फोन लावला. संघटनेतर्फे आमदारांशी बोलणं हे गॉर्डन टिब्सचं काम. माणूस गोड, शेतकऱ्याच्या घरचा, रोंडाला वाघीण म्हणायचा. ती म्हणाली, ते वसंतातलं माझं पत्र मला मागं घ्यायचंय.

टिब्स हसला, पण प्रेमानं. "काढलेलं दूध सडात परत जातं का, रोंडा?"

मग त्यानं तिला समजावून सांगितलं. तो काही लपवत नव्हता, त्यात लपवण्यासारखं आहे असं त्याला वाटतही नव्हतं. दलालीवरचा कर आला तेव्हा पार्कांचे मालक एजंटांच्या बाजूनं उभे राहिले होते. आता त्यांची वेळ आलीय, तर आपण उभं राहायचं. ट्रेलरमधल्या लोकांशी आपलं वैर नाही, त्यांच्याशी आपलं काही देणंघेणंच नाही. पण आज एका मालकाला विकण्याआधी विचारायला लावलं, तर उद्या दुसऱ्याला लावतील.

"माझा भाऊ राहतो तिथं," रोंडा म्हणाली.

 टिब्सला खरंच वाईट वाटलं. तो तसं म्हणालाही. आणि मग अगदी मनापासून म्हणाला, "त्याला एखादं छानसं घर बघून दे ना. तू तर एजंट आहेस."

 तिनं फोन ठेवला.

त्यानंतरचे रविवार मोठे विचित्र गेले. ती लोवेलला बोलायला शिकवत होती. हात खिशात घालू नकोस, समोरच्याच्या डोळ्यांत बघ, आभारानं सुरू कर आणि मागणं शेवटी ठेव. लोवेल ओसरीवर उभा राहून टोमॅटोंना भाषण द्यायचा आणि ही पायरीवर बसून मान डोलवायची. तो बरं बोलायला लागला तसतशी तिला रडू यायला लागलं. त्याला वाटायचं, बहिणीला आपला अभिमान वाटतोय. तो तिच्या पाठीवर थोपटायचा.

सुनावणीच्या दिवशी तीच त्याला गाडीतून घेऊन गेली. लोवेलनं नोलाच्या अंत्यविधीचा सूट घातला होता. समितीच्या खोलीच्या दारात एक मुलगी बसली होती, कोणाकोणाला बोलायचंय ते विचारत. लोवेलचं झाल्यावर तिनं रोंडाकडे बघितलं. एवढंच म्हणायचं होतं की हो, मलाही बोलायचंय, मी एजंट आहे आणि माझं चुकलं. वाटेत गाडीत तिनं मनाशी ते घोकलंही होतं. पण खोलीत तिला टिब्स बसलेला दिसला, त्याच्या बाजूला संघटनेची ओळखीची दोन माणसं, एकीनं तर हात हलवला. इतक्या वर्षांची ती माणसं.

"नाही, मी नुसती गाडी चालवायला आले," रोंडा म्हणाली.

लोवेल चांगला बोलला. हात खिशात घातले नाहीत. म्हणाला, "साहेब, माझी बायको त्या घराच्या मागच्या खोलीत गेली. मला फुकट काही नको. दुसरा जो भाव देईल तो आम्ही देऊ. तेवढं आम्हाला आधी विचारा."  समितीतल्या एका बाईनं डोळे पुसले. रोंडाला क्षणभर वाटलं की जमलं, देवानं लाज राखली.

समितीच्या मधल्या खुर्चीत आमदार कॉलियर होता. माणूस वाईट नव्हे. लोवेल आणि रोंडा भाऊबहीण आहेत हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं, आडनावं वेगळी. तो पुढं झुकून मायेनं म्हणाला, "मिस्टर रिडनर, मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुमच्याच गावच्या लोकांनी मला ह्याच्या विरोधात लिहिलंय. घरांच्या धंद्यातला एकही माणूस मागे राहिला नाही, सगळ्या राज्यात असं फक्त तुमच्याकडे झालं. घरमालकांचं हित त्यांच्याहून जास्त कोणाला कळणार? त्यांची पुढारीच तुमच्या मागं बसलीय. रोंडा, एवढ्या लांब आलीस, बरं वाटलं."

सगळ्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. टिब्सनं खाली बघितलं. लोवेल सगळ्यांत शेवटी वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग बिग काही नव्हता. पत्ता चुकलेल्या माणसासारखा तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग कॉलियरकडे वळून सवयीनं थँक्यू म्हणाला. शिकवलं होतं तिनंच. विधेयक त्याच दुपारी पुढच्या वर्षावर ढकललं, म्हणजे गाडलंच.

परतीच्या वाटेला दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची रानं.  अर्ध्या वाटेत लोवेलनं काचेबाहेर बघतच विचारलं, "तू लिहिलंस?"

"बोट दाबलं."

"वाचलं होतंस?"

"नाही."

"वाचलं असतंस तर नसतं दाबलं?"

नसतं दाबलं, असं म्हणायला तिची जीभ रेटेना. ह्या माणसाशी ती लहानपणापासून खोटं बोलली नव्हती, गेले दोन महिने सोडले तर. "त्यात घरमालक म्हटलं होतं," ती म्हणाली. "तू माझ्या डोक्यात आलाच नाहीस, लोवेल."

 लोवेल म्हणाला, "एवढी वर्षं माझ्याकडे जेवलीस. ते काय होतं मग?"

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. पण दांड्याला तरी कुठं ठाऊक असतं आपण कुठल्या झाडाचे? रोंडाला ठाऊक होतं. दर रविवारी ती त्या झाडाखाली जेवत होती. तिनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. लोवेलनं पूर्वीसारखं थोपटलं नाही. ती शांत होईपर्यंत थांबला आणि म्हणाला, चल, अंधार पडेल.

कंपनीनं नाताळाच्या आत पार्क घेतलं. नव्या वर्षात जागाभाडं दुप्पट झालं. मग नियम आले. ओसऱ्या काढा, टोमॅटो नकोत, गवताची उंची एवढीच. लोवेलनं ओसरी स्वतःच्या हातानं उतरवली, दुसऱ्यानं ती तोडलेली त्याला बघवली नसती. पार्कातली माणसं एकेक करून गेली. कुणी मुलीकडे, कुणी गाडीत राहायला लागलं. रोंडानं त्याच्यासाठी घर शोधायला सुरुवात केली. वीस वर्षं अख्ख्या गावाला घरं शोधून दिलेली बाई! त्याच्या पेन्शनीत बसेल असं एकही तिला मिळालं नाही. एक खोली मिळाली ती शेजारच्या काउंटीत, तिसऱ्या मजल्यावर, आणि लोवेलचे गुडघे गेलेले. ती ज्या घरांची बाजू घेऊन इतकी वर्षं बोलत आली त्यांत तिच्या भावाला परवडणारं एक नव्हतं, हे तिला ह्या वयात कळलं.

भाडं झेपेना म्हणून लोवेलनं जागा सोडली, आणि मार्चमध्ये पोकलेन आलं. लोवेलच्या घराला त्यानं दोनदा धक्का दिला असेल. मागची खोली आधी गेली. लोवेल बघायला थांबला नाही, रोंडा थांबली. नोलाच्या त्या फुलझाडांचे कंद तरी काढून घ्यावेत म्हणून ती पुढं झाली, तर टोपीवाल्या पोरानं तिला अडवलं. बाई, आत यायला मनाई आहे, खासगी जागा आहे, म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

फंडाचं काय झालं, असं कुणी विचारलं तर सांगतो. संघटनेच्या वार्षिक बैठकीत रोंडा उभी राहिली आणि तिनं सगळं सांगून टाकलं, पत्राचं, पार्काचं, समितीच्या खोलीतलं. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. एकीनं येऊन मिठी मारली, एकीनं कागदी रुमाल दिले. अध्यक्ष म्हणाले, रोंडानं फार मोलाचं सांगितलं, म्हणूनच तर फंड बळकट हवा, आत बसलेला असेल त्यालाच बोलता येतं. टाळ्या झाल्या. त्याच महिन्यात नवा निरोप आला, दलालीच्याच मुळावर कुणीतरी उठलं होतं. मंदी पुन्हा दाराशी होती. रोंडानं त्या वर्षीही फंडाला दिलं, दरवर्षीइतकंच. का दिलं म्हणून तिला नावं ठेवणारे आहेत. ठेवू देत. साठीला आलेली बाई, पगार नाही, पेन्शन नाही. आजारी पडली तर सूप घेऊन येणारी माणसं तीच होती, लोवेल तर आता तिचा फोन उचलत नव्हता. त्यांना सोडून ती जाणार कुठं? तिला स्वतःची किळस आली, पण तिनं दिलं.

लोवेल मित्राच्या गॅरेजवरच्या खोलीत राहिला. थंडी पडली तशी छाती भरली, मित्राच्या बायकोनंच रोंडाला फोन केला. ती जाऊन त्याला घेऊन आली. तो वाद घालायच्या अवस्थेत नव्हता. पुढं बरा झाला, तरी जायला जागा नव्हती म्हणून तो तिच्या मागच्या खोलीत राहिला, अजूनही राहतो. काही त्रास देत नाही. सामान त्यानं खोक्यांतून बाहेर काढलं नाही. फ्रिज उघडायच्या आधी विचारतो. नोलाचा फोटो भिंतीला लावायला खिळा ठोकू का म्हणून विचारलं, तेव्हा रोंडाला वाटलं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तिनं स्वतः हातोडी आणून दिली. त्यानं थँक्यू म्हटलं, त्या कॉलियरला म्हटलं तस्सं, आणि खिळा ठोकलाच नाही. फोटो पलंगाशेजारी भिंतीला टेकवून ठेवलाय.

एका सकाळी नाश्त्याला दोघं समोरासमोर बसली होती. तिनं अंडी केली होती, त्याला आवडतात तशी. खाऊन झाल्यावर त्यानं ताट धुतलं, पुसून जागेवर ठेवलं आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"रॉनी, हे घर विकायचं झालं तर मला आधी किती दिवस सांगशील?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिनं ओळखला असता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली की हे घर ती कधी विकणार नाही, मरेपर्यंत नाही, तो कसला वेड्यासारखा विचार करतोय.

"तसं सगळेच म्हणतात गं," लोवेल म्हणाला. त्यानं हात सोडवून घेतला, हळूच. "दिवस सांग."